मेक्सिकोला जाताय? तिथल्या माणसांच्या घड्याळानं राहा

मेक्सिकोला निघालेल्या मराठी पर्यटकांची यादी बहुधा ठरलेली असते. तेओतिवाकानचे पिरॅमिड, चिचेन इत्सा, कान्कूनचा समुद्र, जमलंच तर फ्रिदा कालोचं निळं घर. ही ठिकाणं पाहण्यासारखीच आहेत. पण दहा दिवसांत चार विमानं आणि सहा हॉटेलं बदलून आलेल्या माणसाला विचारा, की मेक्सिकोतली माणसं दुपारी किती वाजता जेवतात, भाजी कुठून आणतात, रविवारी कुठे जातात. त्याला सांगता येत नाही. इतक्या लांब जाऊन हे हातचं सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

रोजचं जीवन पाहायला खास सहल लागत नाही. मेक्सिकोच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला स्वतःचं वेळापत्रक आहे. आपलं वेळापत्रक त्याच्याशी जुळवून घेतलं, की बाजारात, खानावळीत, चौकात, बसमध्ये आपण आपोआप तिथल्या माणसांच्या शेजारी येऊन बसतो. ते कसं जुळवायचं, ते पाहू.

मुक्काम थोड्या ठिकाणी, जास्त दिवस

दोन आठवडे हाताशी असतील तर दोनच मुक्काम ठेवा. एक मेक्सिको सिटी आणि दुसरं एखादं मध्यम आकाराचं शहर, म्हणजे वाहाका, पुएब्ला, ग्वानाहुआतो किंवा मेरिदा. एका गल्लीत पाच-सहा दिवस राहिलात, की कोपऱ्यावरचा रसवाला तिसऱ्या दिवशी ओळखीचं हसतो आणि पाचव्या दिवशी न विचारता तुमचा ग्लास भरायला घेतो. हा अनुभव पैसे देऊन मिळत नाही, थांबल्यानंच मिळतो.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिले दोन दिवस धाप लागते, डोकं जड होतं. तेवढ्या दिवसांत चढण टाळा, पाणी भरपूर प्या आणि राहत्या मोहल्ल्यातच पायी फिरा.

रोमा आणि कोन्देसा हे भाग परदेशी पाहुण्यांनी इतके भरले आहेत, की घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली आणि २०२५च्या जुलैत त्यावरून मोर्चेही निघाले. तेव्हा अख्खा फ्लॅट भाड्यानं घेण्यापेक्षा एखादं घरगुती अतिथिगृह किंवा कुटुंबातली खोली पाहावी. सांता मारिया ला रिबेरा किंवा नार्वार्ते अशा भागांत अजून शाळेत जाणारी मुलं, वाणसामान, चांभार, शिंपी असं सगळं गल्लीत सापडतं. वाहाका, ग्वानाहुआतो आणि सान क्रिस्तोबाल दे लास कासास या शहरांत स्पॅनिश शिकवणाऱ्या संस्था आहेत. आठवडाभराचा वर्ग लावला, तर कुटुंबात राहण्या-जेवण्याची सोयही अनेक संस्था करून देतात. घरात राहून भाषा शिकण्यासारखा दुसरा उत्तम मार्ग नाही.

व्हिसाचं आधी बघून ठेवा. भारतीय पारपत्रावर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

सकाळ : आवाजांवरून गल्ली ओळखा

मेक्सिको सिटीत सकाळी खिडकी उघडी ठेवा आणि ऐका. कचऱ्याची गाडी आली की माणूस पितळी घंटा बडवत पुढे चालतो आणि लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात. गॅसवाला ओरडत जातो. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा छोट्या पाव्यावर वरखाली सूर काढतो. जुनी गादी, फ्रिज, लोखंड विकत घेणाऱ्या टेम्पोवर एका लहान मुलीच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण लावलेलं असतं. ते शहरभर वाजतं आणि तिथं सगळ्यांना पाठ आहे. रात्री रताळेवाल्याच्या गाडीची वाफेची शिटी लांबूनच कानावर येते. हे आवाज ओळखीचे झाले, की मोहल्ल्याचा दिवस कसा चालतो ते कळू लागतं.

सकाळी मेट्रोच्या तोंडाशी मोठ्या पातेल्यांची गाडी असते. त्यात तामाल, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून कणसाच्या किंवा केळीच्या पानात उकडलेला पदार्थ. सोबत आतोले हे मक्याच्या पिठाचं गरम पेय. कामावर निघालेली माणसं तामाल पावात घालून उभ्याउभ्या खातात. तिथं त्यांच्यासोबत उभं राहावं आणि खावं.

पानादेरियात, म्हणजे बेकरीत, एकदा तरी जा. दारातच गोल ॲल्युमिनियमचं ताट आणि चिमटा असतो. दोन्ही आपण उचलायचे, कपाटांमधून हवे ते गोड पाव ताटात घ्यायचे आणि काउंटरवर द्यायचे. तिथली बाई ते मोजून कागदी पिशवीत भरते. शिंपल्याच्या नक्षीचा कोंचा आणि कानाच्या आकाराचा ओरेहा यांपासून सुरुवात करा. कुणाच्या घरी बोलावलं असेल, तर हीच पिशवी सोबत न्या. ती आनंदानं घेतली जाते.

पण सकाळचं खरं केंद्र तोर्तियेरिया, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचं, तोर्तियांचं दुकान. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवायचे, धुऊन वाटायचे आणि त्या ओल्या पिठाच्या तोर्तिया भाजायच्या, ही तिथली हजारो वर्षांची रीत. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला घेता येतं. युरोपात मका गेला, पण चुन्याची ही रीत गेली नाही. त्यामुळे केवळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा हा आजार पसरला. तोर्तियेरियात यंत्राच्या पट्ट्यावरून गरम तोर्तिया उतरत असतात, गिऱ्हाईक घरून आणलेलं फडकं पुढे करतं आणि किलोवर मोजून घेतं. रांगेत उभे राहा, पाव किलो मागा आणि वरची एक मीठ लावून तिथंच खा. मेक्सिकोच्या स्वयंपाकाचा पाया या एका घासात कळतो.

दुपार : दोन ते चारच्या मधलं जेवण

दिवसातलं मोठं जेवण कोमिदा. ते दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतं. बाराला जेवायला गेलात तर खानावळ रिकामी, स्वयंपाक अर्धवट. अडीचला जा. कारकून, शिक्षक, रंगारी, आजीला घेऊन आलेली नातवंडं, सगळे एकाच वेळी भेटतील.

शोधायची ती फोन्दा. घरगुती खानावळ, चार-सहा टेबलं, प्लास्टिकचं नक्षीदार कापड आणि बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा बेत. ठराविक दरात मिळणाऱ्या या जेवणाला कोमिदा कोर्रिदा म्हणतात. आधी सूप, मग भात किंवा शेवया, मग मुख्य पदार्थ, सोबत गरम तोर्तिया, फळांचं किंवा फुलांचं थंड पाणी आणि कधी एखादा गोड घास. पदार्थ एकामागून एक येतात, घाई करू नका. जागा कमी असेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायला लागतं. बसताना आणि उठताना शेजाऱ्याला ‘प्रोवेचो’ म्हणा, म्हणजे जेवण अंगी लागो. तुम्हालाही जाणारे-येणारे तसंच म्हणतील. गप्पा बहुधा इथूनच सुरू होतात.

बिल मागितल्याशिवाय आणून देत नाहीत. पाहुण्याला उठवल्यासारखं होऊ नये, ही त्यामागची भावना. जेवण झाल्यावर बसून बोलत राहणं हा जेवणाचाच भाग मानतात. निघायचं असेल तेव्हा ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा.

संध्याकाळ : चौकात जाऊन बसा

जवळजवळ प्रत्येक गावाला मधोमध एक चौक, चौकात सज्जा असलेला मंडप, भोवती झाडं आणि बाकडी. ऊन उतरलं की गाव तिथं जमतं. फुगेवाले, बूट पुसणारे, भाजलेलं किंवा उकडलेलं कणीस चीज, लिंबू आणि तिखट लावून विकणारे, सायकल शिकणारी मुलं. तुम्हीही कणीस घेऊन बाकावर तासभर बसा. काही ‘करायची’ गरज नाही.

नाचगाण्यासाठी तिकीट काढायचीही गरज नाही. वेराक्रूसच्या मुख्य चौकात संध्याकाळी बँडच्या तालावर वयस्क जोडपी दान्सोन नाचतात. पुरुषांच्या डोक्यावर टोपी, बायकांच्या हातात पंखा. मेक्सिको सिटीत शनिवारी सियुदादेला चौकात हेच दृश्य असतं आणि नवशिक्यांना पावलं शिकवणारेही तिथं भेटतात. मेरिदात सांता लुसिया बागेत गुरुवारी रात्री युकातानी गाणी होतात. ही परंपरा १९६५पासून चालू आहे.

रात्रीचं जेवण हलकं आणि उशिरा असतं. टाकोच्या गाडीवर गेलात तर रीत अशी : आधी खायचं, मग पैसे. किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं, गाडीवाला विश्वासानं हिशोब करतो. कांदा-कोथिंबीर हवी का, एवढं विचारून तो पुढे होतो. बाजूला ठेवलेल्या चटण्यांपैकी तिखट कोणती, ते ‘क्वाल पीका?’ असं विचारून मगच वाढून घ्या. गाडी निवडण्याचा नियम साधा : जिथं स्थानिकांची गर्दी आणि माल भराभर संपतोय, तिथं खा.

आठवडा : बाजाराचा वार पाहून निघा

कायम छपराखालचा बाजार तो मेर्कादो आणि ठरलेल्या वारी रस्त्यावर भरणारा तो तियांगीस. तियांगीस हा आपल्या आठवडी बाजारासारखा. गुलाबी-लाल ताडपत्र्या, वाराप्रमाणे बदलणारी गल्ली, ठरलेले विक्रेते आणि ठरलेली गिऱ्हाइकं. तुमच्या मोहल्ल्यात तो कोणत्या वारी असतो, हे घरमालकिणीला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

वाहाकाच्या खोऱ्यात तर आठवडाभर बाजाराच्या वाऱ्याच चालतात. बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान आणि रविवारी त्लाकोलुला. त्लाकोलुलाला सकाळी लवकर पोचा. डोंगरातल्या सापोतेक गावांमधून आलेल्या बायका डोक्यावरचे रंगीत रुमाल सावरत मिरच्या, टर्की, मातीची भांडी, चुना, फुलं विकत असतात. पुएब्ला राज्यातल्या क्वेत्सालानचा रविवारचा बाजारही असाच मोठा. मेक्सिको सिटीत फुलांसाठी हामाइका, औषधी वनस्पतींसाठी सोनोरा, आणि माणूस किती तऱ्हेच्या मिरच्या खातो हे बघायला ला मेर्सेद.

बाजारात पाव किलो पेरू घ्या, दोन लिंबं घ्या. काही विकत घेतल्याशिवाय विक्रेत्याशी बोलणं होत नाही. विकणारी बाई तुम्हाला ‘मार्चान्ते’ म्हणेल, तुम्हीही तिला ‘मार्चान्ता’ म्हणू शकता. फळ घेतल्यावर वर एखादं जास्तीचं मिळालं, तर त्याला पिलोन म्हणतात. ते मागून घ्यायचं नसतं, मिळालं की आभार मानायचे.

रविवार वेगळा ठेवा. मेक्सिको सिटीतला पासेओ दे ला रेफोर्मा हा हमरस्ता रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन वाहनांना बंद असतो आणि सायकली, स्केट, बाबागाड्या, कुत्री यांना मोकळा. सायकल भाड्यानं घ्या आणि शहरासोबत फिरा. दुपारी सोचिमिल्कोच्या कालव्यांवर कुटुंबं रंगीत नाव तासाच्या हिशोबानं घेतात आणि डबे, गाणी, आजी-आजोबा सगळं सोबत नेतात. नावेचा अधिकृत दर धक्क्यावर लावलेला असतो. तो दर अख्ख्या नावेचा आहे, माणशी नाही, हे लक्षात ठेवा. याच कालव्यांत चिनांपा नावाच्या, माणसानं चिखल-गाळ रचून केलेल्या शेतपट्ट्या आहेत आणि त्यांवर अजून भाजीपाला पिकतो. पहाटे एखाद्या शेतकऱ्याच्या नावेतून गेलात, तर आस्तेक काळापासून चालत आलेली शेती जवळून बघता येते. संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तो दिवस बाजार आणि चौकांसाठी ठेवा.

शाकाहारी वाचकांसाठी

मेक्सिकोत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला विचारायची सवय हवी. राजमा किंवा घेवड्याचे दाणे बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, तामालच्या पिठातही चरबी असते आणि मोले या चटणीवजा रश्शातही कोंबडीचं पाणी असू शकतं. म्हणून नुसतं शाकाहारी आहे म्हणून थांबू नका. ‘सोय वेहेतारिआनो’ (बाईनं म्हणायचं ‘वेहेतारिआना’) आणि पुढे ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो’, म्हणजे मटण, कोंबडी, मासे काहीच नाही. मग दोन प्रश्न : ‘येवा मान्तेका?’, चरबी आहे का, आणि ‘येवा काल्दो दे पोयो?’, कोंबडीचं पाणी आहे का. वाहाकात भाजलेले टोळ पदार्थांवर भुरभुरतात आणि संत्र्याच्या फोडीसोबत येणाऱ्या लाल मिठात अळीची पूड असते. तेही आधी विचारा.

आता काय खावं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली तोर्तिया), मक्याच्या कणसावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीची, म्हणजे वित्लाकोचेची केसादिया, भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. तव्यावर भाजलेला लांबोळका त्लाकोयो, त्यात वाटलेले घेवड्याचे किंवा बाकल्याचे दाणे आणि वर फड्या निवडुंगाच्या कोवळ्या फड्यांची कोशिंबीर. राजधानीत केसादियात चीज असतंच असं नाही, हवं असेल तर सांगा. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. त्या दिवशी फोन्दांमध्ये चीज भरलेल्या मिरच्या आणि भाज्यांचे वडे हमखास मिळतात, फक्त मासे-कोळंबीचं तेवढं विचारून घ्या.

मराठी माणसाला तिथल्या बाजारात ओळखीचे चेहरे भेटतात, कारण आपल्या परसातल्या कित्येक गोष्टी मूळच्या तिकडच्या आहेत. मिरची तिथली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. डहाणू-घोलवडचा चिकू तिथला, पेरू आणि सीताफळाचं मूळही अमेरिका खंडातच. उपवासाचा राजगिरा मेक्सिकोत हजारो वर्षं पिकतो आणि मध घालून केलेली त्याची वडी ‘आलेग्रिया’ या नावानं रस्त्यारस्त्यावर विकतात. घोळीची भाजी त्यांच्याकडे हिरव्या चटणीत शिजते. उलट आंबा आणि चिंच आशियातून तिकडे गेली. हामाइकाचं लाल पेय म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. विक्रेत्याला हे मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगून पाहा. गप्पांना याहून चांगलं निमित्त नाही.

या नात्यात एक मराठी नावही आहे. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकरी’ अशा अर्थाचं चित्र रंगवलं. त्यात सर्वांसोबत टेबलाशी बसून पाव मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे. २०२२मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. मंत्रालयाची ती इमारत मुख्य चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि २०२४पासून भित्तिचित्रांचं संग्रहालय म्हणून खुली आहे. मराठी माणसानं हे चित्र चुकवू नये.

वर्ष : सणांच्या तारखा

सणाच्या दिवसांत गेलात तर घरगुती मेक्सिको सर्वांत मोकळेपणानं भेटतो. ६ जानेवारीला गोल पाव कापतात. त्यातलं बाळाचं चिमुकलं बाहुलं ज्याच्या फोडीत निघेल, त्यानं २ फेब्रुवारीला सर्वांना तामाल खाऊ घालायचे. १५ सप्टेंबरच्या रात्री गावोगावच्या चौकांत स्वातंत्र्याचा जयघोष होतो. १२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या माउलीच्या दर्शनाला लाखो माणसं पायी राजधानीत येतात. १६ ते २४ डिसेंबर गल्लोगल्ली पोसादा, म्हणजे नाताळापूर्वीच्या मिरवणुका, होतात आणि मुलं पिन्याता, म्हणजे खाऊ भरलेलं रंगीत मडकं, फोडतात.

सर्वांत मोठा म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस. घरोघरी पूर्वजांसाठी वेदी मांडतात. फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, खास पाव आणि मृताच्या आवडीचे पदार्थ. वाट दाखवायला सेम्पासुचिलच्या पाकळ्या पसरतात. हाच आपला दसऱ्याचा झेंडू. तोही मूळचा मेक्सिकोचाच. राजधानीतली भव्य मिरवणूक मात्र जुनी नाही. २०१५च्या एका जेम्स बाँड चित्रपटात तशी मिरवणूक दाखवली आणि २०१६पासून ती प्रत्यक्षात निघू लागली. ती पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. मिस्किक, पात्सक्वारो सरोवराकाठची गावं किंवा वाहाकाजवळची दफनभूमी इथं कुटुंबं रात्रभर थडग्यांपाशी बसतात. तिथं जाताना फुलं किंवा मेणबत्ती न्या, आवाज खाली ठेवा, थडग्यांवरून चालू नका आणि घरच्यांनी होकार दिल्याशिवाय कॅमेरा काढू नका. ती त्यांची आपल्या माणसांशी भेट असते.

वागणूक

दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्ये शिरताना आधी नमस्कार : दुपारपर्यंत ‘ब्वेनोस दीआस’, नंतर ‘ब्वेनास तार्देस’, अंधार पडल्यावर ‘ब्वेनास नोचेस’. अभिवादन न करता थेट ‘हे केवढ्याला?’ विचारणं उद्धटपणाचं समजतात. कुणाच्या समोरून जाताना ‘कॉन पेर्मीसो’. वयानं मोठ्या माणसाशी ‘उस्तेद’ हे आदरार्थी संबोधन वापरा.

माणसांचे फोटो विचारून काढा, नकार आला तर हसून पुढे व्हा. चियापासमधल्या सान हुआन चामुला गावातल्या चर्चमध्ये तर फोटोला सक्त मनाई आहे. जमिनीवर पाइनच्या काड्या अंथरून, मेणबत्त्या लावून त्सोत्सिल लोक तिथं प्रार्थना करतात. मेक्सिकोत स्पॅनिशबरोबर ६८ मूलनिवासी भाषांना राष्ट्रभाषेचा दर्जा आहे. समोरच्या माणसाची मातृभाषा स्पॅनिश नसेल, हे गृहीत धरून सावकाश बोला.

कारागिराशी घासाघीस करू नका. वाहाकाजवळच्या तेओतित्लान देल वाये गावात लोकर पिंजण्यापासून कोचिनिल किड्यांच्या लाल रंगात रंगवण्यापर्यंत सगळं घरात होतं. एका गालिच्याला आठवडे, महिने लागतात. सांगितलेली किंमत परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या. विणणाऱ्याच्या घरी बसून पाहा, प्रश्न विचारा आणि मग घ्या.

प्रवास, पैसा, काळजी

मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९मध्ये सुरू झाली. प्रत्येक स्थानकाला नावासोबत चित्रखूण आहे, म्हणून स्पॅनिश वाचता आलं नाही तरी अडत नाही. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात. छोट्या कोम्बी गाड्यांत मागे बसलात, तर पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे. ते हातोहात चालकापर्यंत जातात आणि सुट्टे तसेच परत येतात. उतरायच्या आधी ‘बाहान, पोर फावोर’ म्हणा. लांबच्या प्रवासाला पहिल्या वर्गाच्या बस आरामशीर आहेत. मात्र राजधानीत दिशेनुसार वेगवेगळी बसस्थानकं आहेत, ती आधी बघून घ्या.

बाजारात, फोन्दात, कोम्बीत रोखच चालते. ५०० पेसोंची नोट सगळीकडे सुटत नाही, म्हणून २० आणि ५०च्या नोटा जवळ ठेवा. पैसे बँकेच्या आतल्या यंत्रातून काढा. खानावळीत दहा ते पंधरा टक्के बक्षिसी रीतीची. नळाचं पाणी पिऊ नका, घरोघरीही वीस लिटरचे जार आणतात. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी काही नाणी खिशात असू द्या.

रात्री रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवू नका, ॲपवरून किंवा अड्ड्यावरून घ्या. काही राज्यांत गुन्हेगारी टोळ्यांचा धोका खरा आहे. ठिकाण ठरवण्यापूर्वी सरकारी सूचना वाचा आणि गावात पोचल्यावर यजमानांना विचारा, की कोणत्या रस्त्यानं, किती वाजेपर्यंत. त्यांचा सल्ला मोडू नका. आपत्कालीन क्रमांक ९११. मेक्सिको सिटीत भूकंपाचा भोंगा वाजला तर काही सेकंदच हाती असतात. तळमजल्यावर असाल तर मोकळ्या जागेत जा, वरच्या मजल्यावर असाल तर इमारतीत दाखवलेल्या सुरक्षित जागी थांबा. १९८५ आणि २०१७चे दोन्ही विनाशकारी भूकंप १९ सप्टेंबरलाच झाले. त्या तारखेला देशभर सराव होतो. तेव्हा तिथं असाल तर त्यातही भाग घ्या.

हे सगळं एका प्रवासात होणार नाही आणि व्हायलाही नको. तुमच्या यादीतली दोन ठिकाणं आजच खोडा आणि ते चार दिवस एका गल्लीला द्या. स्पॅनिशची वीस वाक्यं निघण्यापूर्वी पाठ करा. दुपारी अडीचला फोन्दात बसा, बाजाराच्या वारी बाजारात जा, संध्याकाळी चौकात बसा. पिरॅमिड पुढच्या खेपेलाही तिथंच असतील. ज्या माणसांनी तो देश रोज चालता ठेवला आहे, त्यांच्यासाठी या खेपेला वेळ काढा.